वाळत घातलेली सासू

“सोनीबाय, इकडं ये गो जरा. एक काठी मोकळी हाय, तुलाही लटकवते.”

हिराबाई बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि काठीवर टाकायची, हात असा चालत होता की बघत राहावं. मी रोजच्यासारखी नरपडच्या किनाऱ्यानं चालत आले होते. अंगावर साडी, पायात माझ्या पोराचे जुने बूट. हे ध्यान बघून पहिल्या दिवशी किनाऱ्यावरची कुत्रीसुद्धा भुंकली होती. आता ती शेपूट हलवतात.

“मला कशाला लटकवतेस?” मी विचारलं.

“तुझ्या सुनेनं अर्धी वाळवलीच हाय, उरलेली मी वाळवते. बाजारात भाव चांगला येल.”

ती हसली, मीही हसले. हिराबाईची जीभ पहिल्यापासून अशीच. तिचं मासे विकणं आणि माझं घेणं यात आमची वीस-पंचवीस वर्षं गेलीत, तिच्या बोलण्याचा राग मानायचा तर मला मासे सोडावे लागतील. पण तिनं पाटीतला पुढचा बोंबील उचललाच नाही. माझ्याकडे बघत राहिली.

“मस्करी नाय गो. सगळीकडं हाच बोलतात. रोशनीनं सासू वाळत घातली.”

“कोण बोलतो?”

“कोण नाय बोलत ते विचार. आणि परवा तलासरीच्या बाजारात तुझा भाऊ भेटलेला. सुकट घ्यायला आला नि तुझाच विचारत बसला.”

“मग तू काय सांगितलास?”

“मी खोटा कशाला बोलू? वाळली हाय म्हटला. गाल आत गेले, पोलका लोंबतो, म्हटला. तर तो बोलला, रविवारी माणसा घेऊन येतो आणि बहिणीला घेऊनच जातो.” तिनं हात पदराला पुसले. “मला काय ठाऊक तो एवढा मनावर घेल!”

घ्या! बोंबील विकता विकता हिनं माझं घर विकलं. मी तशीच मागे फिरले. त्या दिवशी चालण्यात माझं लक्ष नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगते. कोसबाडच्या रस्त्याला एक आश्रमशाळा आहे, तिथे मी स्वयंपाकीण. जिव्या, माझा नवरा, होता तेव्हापासून मी तिथे आहे. पोरं मला मावशी म्हणतात. शाळेत राहून माझी भाषा शाळेची झाली, पाड्यात शिरले की पाड्याची होते. मोठ्या पातेल्यात भात शिजवायचा, पोरांना वाढायचा, आणि सगळ्यांचं झालं की पातेल्याच्या बुडाची खरवड खरवडून खायची. वर मीठ आणि तेलाची धार. काय सांगू, राजाला मिळणार नाही अशी चव! एखाद्या पोराच्या ताटात उरलेलं दिसलं की तेही मीच खायची. अन्न टाकायचं नाही. टाकायला आमच्याकडे कधी होतंच कुठे?

अशी मी भरत गेले. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. जिव्या बाजारात माझ्या पुढे चालायचा आणि वळून वळून बघायचा. लोकांनी बघावं, ह्याची बायको कशी भरलेली आहे, ह्याच्या घरात काही कमी नाही. आमच्यात ‘भरली’ म्हणजे चांगली बातमी आणि ‘वाळली’ म्हणजे वाईट. वाळतं कोण? ज्याला खोकला लागला, ज्याला भूत लागलं, नाहीतर ज्याच्या घरात भात संपला. माझी पहिली मुलगी अंगणवाडीच्या काट्यावर लटकवली की काटा हलायचाच नाही. हलका जीव होता तो, हलकाच गेला. त्यानंतर संदीप झाला आणि त्याच्या मांड्यांना वळ्या पडल्या तेव्हा मी त्या वळ्यांचे मुके घेत बसायची. वजन कमी करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

सांगितलं ते माझ्या सुनेनं. रोशनी आमच्या पाड्याची आशाताई आहे. बाळंतिणींना दवाखान्यात न्यायचं, पोरांची वजनं बघायची, गोळ्या वाटायच्या, सगळं तिच्याकडे. माझे गुडघे इतके दुखायला लागले की पातेलं उतरवताना मी ओरडायची. ती मला डहाणूच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी साखर बघितली, गुडघे दाबले आणि म्हणाल्या, “मावशी, औषध देते, पण अर्धं औषध तुमच्या ताटात आहे. वजन उतरवा, नाहीतर दोन वर्षांत चुलीपुढे उभ्या राहू शकणार नाही.”

चुलीपुढे उभी नाही राहणार, तर मग मी कोण?

बारीक व्हायची एकच रीत मला ठाऊक होती. उपाशी राहायचं. ती मला चांगली येत होती, लहानपणी पाठ केलेली. रोशनीला न सांगता मी रात्रीचं जेवण बंद केलं. सकाळी नुसता कोरा चहा, तोही गोडमिट्ट. घरी म्हणायची शाळेत जेवले आणि शाळेत म्हणायची घरी जेवले. आठवडा काढला असेल नसेल, डहाणूच्या बाजारात भाजीवाल्यापुढे उभी होते, आणि डोळ्यांपुढे अंधार. उघडले तेव्हा मी बटाट्यांच्या ढिगावर पडलेली आणि वरून आमची शेजारीण रूपी माझ्याकडे वाकून बघत होती. “किती दिवस नाय खाल्लास?” ती म्हणाली. मी अर्धवट शुद्धीत बोलून गेले, “रातचा नाय जेवत मी.”

बस्स. पाडाभर सांगायला रूपीला एवढंच पुरे होतं.

रोशनी घरी आली ती रागानं लाल होऊन. मला वाटलं ती दवाखान्याचं काहीबाही सांगेल. ती म्हणाली, “आई, उपाशी राहून तब्येत चांगली होत असती तर आपला अख्खा पाडा पैलवान झाला असता!” मग तिनं मला समोर बसवलं. “तीनदा खायचं. एकदाही चुकवायचं नाही. फक्त भाताचा डोंगर नको, डोंगराची टेकडी करायची. नागलीची भाकरी, पालेभाजी, डाळ, मासे. बोंबील खा, पण तळून नको, कालवण करून. चहात साखर अर्धी, मग पाव. खरवडीला हात नाही लावायचा. आणि चालायचं.”

“पोटभर खायचं का नाही?”

“पोटात अजून दोन घासांची जागा आहे असं वाटलं की थांबायचं.”

ऐकायला सोपं. पहिले काही दिवस त्या दोन घासांनी माझा जीव खाल्ला. जेवण झालं तरी हात ताटाकडेच. खरवड मी घरी आणून कोंबड्यांना घालायला लागले. महिन्याभरात कोंबड्या माझ्यापेक्षा जाड झाल्या, आणि शेजारच्या बायका कुंपणावरून बघायच्या. सासूच्या वाट्याचं कोंबड्यांना जातं, हेही मग जोडलं गेलं.

चालण्याची तर वेगळीच कथा. आमच्याकडे माणूस चालतो तो कुठेतरी पोचायला. मी रस्त्याला लागले की मोटारसायकलवाला थांबणार, “बस मावशी, सोडतो.” इको गाडीवाला थांबणार. चिकूच्या वाडीतला टेम्पो थांबणार. “कुठं निघालीस?” “कुठं नाय.” “मग बस ना, तिथंच सोडतो!” आता याला काय उत्तर देणार? एक म्हातारा तर माझ्याबरोबर बरंच अंतर चालला, मला वाटलं सोबत करतो आहे. शेवटी हळूच म्हणाला, “घरी भांडण झाला का?” मग मी हातात विळा घेऊन निघायला लागले. कुणी विचारलं की सांगायची, “शेवग्याचा पाला आणायला.” विळा दिसला की लोकांना बरं वाटायचं. आणि आणायचीही पाला, मग तोच रात्री भाजीत.

पावसाळा गेला, भातं कापून झाली, थंडी पडली. आणि एक दिवस मी शाळेत पातेलं उतरवलं आणि मला आठवलं की मी ओरडलेच नाही. दवाखान्यात साखर खाली आलेली. डॉक्टरबाईंनी माझा हात हातात घेतला. मला तेव्हा फार आनंद झाला, लपवत नाही. पण गुडघ्यातला आराम कुणाला दिसतो? लोक बघतात ते गाल. माझे गाल उतरले, गळ्याची कातडी सैल पडली, पोलकं खांद्यावरून घसरायला लागलं. मी जेवढी बरी होत गेले तेवढी लोकांना आजारी दिसत गेले.

तर त्या दिवशी हिराबाईकडून मी घरी आले. संध्याकाळी रोशनीही आली. खांद्यावर वजनकाट्याची पिशवी तशीच. एरवी ती आल्या आल्या पाड्याच्या गोष्टी सांगते, कोण बाळंत झाली, कोण दवाखान्यात जायला तयार नाही. आज तिनं पिशवी खुंटीला लावली, चूल पेटवली आणि आमच्या घरातलं सगळ्यात मोठं पातेलं भातासाठी चढवलं.

“एवढा कुणासाठी गो?” मी विचारलं.

“तुमच्यासाठी. आजपासून पाहिजे तेवढा खा.”

“काय झाला ते सांग आधी.”

ती चुलीकडे तोंड करून बोलायला लागली. “रूपीमावशीच्या नातवाचं वजन दोन महिने वाढलं नाही. मी तिच्या घरी गेले, म्हटलं पोराला डहाणूला नेऊया, तिथे ठेवून घेतात, चांगलं खायला देतात. तिनं दारातच अडवलं मला. म्हणाली, ‘आधी सासूला खायला घाल, मग आमच्या पोरांना शिकवायला ये.’ आणि दार लावून घेतलं. आई, तिनंच नाही, तीन घरांनी आज दार लावलं.”

ती डोळे पुसत होती, धुराच्या नावाखाली.

“मी संदीपशी बोलले,” ती म्हणाली. संदीप उमरगावच्या कंपनीत आहे, आठवड्यानं घरी येतो. “तिकडे खोली बघतो म्हणाला. मी काम सोडते आणि जाते. तुम्ही इथे पाहिजे तसं खा. भरलेल्या दिसलात की लोक गप्प होतील. माझं नाव तरी निघणार नाही.”

“आणि रूपीचा नातू?”

पातेल्यातला भात उतू गेला, तो दोघींपैकी कुणी पुसला नाही.

रात्री मी पडून होते आणि विचार करत होते. एक पोर काट्यावर हलकी म्हणून गेली. ही दुसरी पोर, पोटची नाही पण पोटच्यासारखी, मी काट्यावर हलकी झाले म्हणून चालली. काय नशीब आहे! गालांना काय, गाल भरून आणता येतील. पंधरा दिवस खरवड खाल्ली की पुरे. मी खरंच तसं ठरवलं होतं. सकाळी चहात दोन चमचे साखर घातली, आणि पहिल्याच घोटाला ती इतकी गोड लागली की गिळवेना. बघा, म्हणजे जीभसुद्धा आता रोशनीची झालेली. चहा मी कोंबड्यांच्या पाण्यात ओतला आणि रविवारची वाट बघत बसले.

रविवारी लडक्या आला. माझा धाकटा भाऊ, तलासरीकडे त्याची थोडी शेती आहे. पांढरा सदरा घालून आला म्हणजे कामानंच आला. बरोबर माहेरचे बाळ्याकाका. काका आता थकलेत, पण आमच्याकडे कुणाचं काही बिनसलं तर त्यांनाच पुढे करतात. टेम्पोतून दोघे उतरले आणि त्यांच्यामागून ड्रायव्हरनं एक पोतं उतरवलं. लडक्यानं ते स्वतः उचललं आणि माझ्या ओटीवर, अगदी दारात आणून ठेवलं.

तांदळाचं पोतं. बहिणीच्या घरी भाऊ येतो, साडी आणतो, चिकू आणतो, कोंबडा आणतो. तांदूळ कुणी आणत नाही. तांदूळ आणायचे म्हणजे ह्या घरात माझ्या बहिणीला शिजवून घालत नाहीत असं सगळ्या पाड्याला ओरडून सांगायचं. कुंपणापाशी बायका जमल्याच होत्या. रूपी पुढे, कडेवर नातू. त्या पोराचे पाय माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होते, काडीसारखे.

रोशनी पाणी घेऊन आली. लडक्यानं तांब्याकडे बघितलं, हात लावला नाही. ती तांब्या खाली ठेवून दारात उभी राहिली. संदीप तिच्या मागे. त्याचं तोंड उघडायचं आणि बंद व्हायचं. मामापुढे तो कधीच बोललेला नाही.

“सोनी,” बाळ्याकाका म्हणाले, “घाबरू नको. आम्ही तुझी माणसा हाव. खरा सांग. तुला खायला देतात का?”

“देतात.”

“टायमावर?”

“टायमावर. तीनदा.”

काकांनी लडक्याकडे बघितलं. लडक्या पुढे सरकला. “पोटभर?”

आता हाच तो शब्द. मी तोंड उघडलं आणि अडकले. हो म्हटलं असतं तर संपलं असतं, मला तेवढी अक्कल आहे. पण मी आयुष्यभर पोरांना वाढताना विचारत आले, पोटभर झालं का, आणि तो शब्द मी कधी खोटा वापरलेला नाही.

“पोटभर नाय,” मी म्हटलं. “दोन घासांची जागा ठेवून खाते.”

झालं! कुंपणावर एकच गलका उठला. “बघा, बघा, तोंडानं बोलली!” “दोन घास कमी देते, ऐकलास?” रूपीचा आवाज सगळ्यांच्या वर. लडक्या उठून उभा राहिला. “बाय, तुझी कपडा भर. आताच निघायचा.”

“मामा, थांबा,” रोशनी म्हणाली.

ती आत गेली आणि ताट घेऊन आली. त्यात भाताचा हा एवढा डोंगर, वर डाळ, बाजूला बोंबलाचं कालवण. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “सगळ्यांसमोर खा आई. पोटभर खा. घरात आहे, दाखवा त्यांना.” आणि मग फक्त मला ऐकू येईल असं, “मी नाही रागावणार.”

मी ताटाकडे बघितलं. भात वाफाळत होता. खाल्ला असता तर सगळे म्हणाले असते, नाही बाबा, सून खायला देते. लडक्या पाणी प्यायला असता. आणि उद्या रोशनी उमरगावला गेली असती, कारण इथे राहून तिला रोज असाच डोंगर वाढावा लागला असता आणि माझे गुडघे जाताना तिला बघवले नसते. हे सगळं माझ्या लक्षात येत होतं आणि मला भूकही लागली होती, तेही सांगते.

मी जेवायला बसले. कालवण छान झालं होतं. मी सावकाश जेवले, सगळे बघत असताना. जेवणाऱ्याकडे असं बघू नये, पण त्यांना कोण सांगणार! पोटात दोन घासांची जागा राहिली तेव्हा मी थांबले. ताटात अर्ध्याहून जास्त भात होता. मी ताट पुढे सरकवलं आणि हात धुतला.

माझ्या जन्मात मी ताटात टाकलेलं ते पहिलं अन्न. रूपी म्हणाली, “भीतीनं घास उतरत नाय बिचारीचा.”

“गप गो रूपी!” मी ओरडले. शाळेत दोनशे पोरांवर ओरडून माझा आवाज चांगला आहे. “मला भीती कुणाची? लडक्या, खाली बस. बस म्हणते ना!”

तो बसला.

“आखाडात आये रानातला कडूकांद राखेत शिजवायची, आठवतो? रातभर शिजवायचा, धुवायचा, तरी जीभ जळायची. तो खाऊन आपण झोपायचो. तेव्हा मी वाळली होती. तू त्याहून वाळला होतास. ती भूक मी ओळखते रे. ती लागली की घरात काय नसतो.” मी दारातून आत बोट दाखवलं. “आता मला भूक लागते ना, तेव्हा कणगीत भात भरलेला असतो. मी उठून घेत नाय, कारण मलाच नाय घ्यायचा. सगळा जन्म भुकेनं मला सांगितला, ऊठ, बस, हे खा, ते चाट. आता मी तिला सांगते, गप बस. हे मला ह्या पोरीनं शिकवला. तिनं मला वाळत नाय घातली. तिनं मला उभी केली.”

बाळ्याकाकांनी हनुवटी चोळली. “म्हणजे,” ते म्हणाले, “भात हाय, आणि खात नाय.”

“कमी खाते.”

“हा नवाच प्रकार झाला,” काका म्हणाले. मग स्वतःचा गुडघा दाबत रोशनीला विचारलं, “ह्याला पण चालतो का गो हा?” कुंपणावरच्या दोघी-तिघी हसल्या. हसल्या म्हणजे पुढे भांडण नव्हतं.

रूपी हसली नाही. ती कडेवरच्या पोराला सारखं करत होती, या बाजूला, त्या बाजूला. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, “सकाळी येशील तेव्हा काटा घेऊन ये. पण पोराला रडवू नको सांगते.” आणि वळून चालायला लागली. रोशनी नुसती मान हलवत राहिली. संदीपनं तिच्या पाठीवर हात ठेवला, सगळ्यांसमोर, मामासमोर.

राहिला लडक्या. बायका पांगल्या, काका टेम्पोत जाऊन बसले, हा आपला पोत्याकडे बघत बसलेला. परत न्यावं तर लाज, ठेवावं तर लाज. मला त्याची दया आली. बहिणीच्या भुकेवर धावत आलेला भाऊ होता तो, त्यात त्याचं काय चुकलं?

“दिवाळीला काय दिला नव्हता तुला,” तो शेवटी पुटपुटला. “त्याचा हा.”

“नवा हाय का?”

“नवा. घरचा.”

“मग ठेव.”

त्यानं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला. नंतर त्याची नजर माझ्या ताटावर गेली. भात अजून तसाच होता, वर डाळ सुकत चाललेली. मी उचलायला हात पुढे केला, तर त्यानं ताट स्वतःकडे ओढलं आणि मांडी घालून बसला. आम्ही एकाच ताटात जेवत मोठे झालो, आणि त्या ताटात त्याचा हात नेहमी माझ्या हाताच्या आधी पोचायचा.

पहिला घास घेऊन तो थांबला. “आये असती तर तुला मारली असती. ताटात टाकलास म्हणून.”

“नाय रे,” मी म्हटलं. “आपल्या घरात कुणाच्या ताटात भात उरलेला तिला एकदा तरी बघायचा होता.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो खाली मान घालून जेवत होता. मी समोर बसून राहिले आणि त्याला कालवण वाढलं.